शेगडीजवळचं शून्य

मी जन्माचा भित्रा माणूस आहे. तीस वर्षं शिकवलेल्या एकाही विद्यार्थ्याला हे खरं वाटणार नाही. कारण भीती वाटली की माझा आवाज चढत नाही, हात थरथरत नाहीत. उलट मी एकदम गप्प होतो, चष्मा पुसतो आणि समोर जी वस्तू असेल तिच्यात डोकं घालतो. प्रयोगशाळेत एकदा ट्रान्सफॉर्मरनं पेट घेतला, तेव्हा सरांनी म्हणे अगदी थंड डोक्यानं मेन स्विच बंद केला. पोरं पुढं कितीतरी दिवस कौतुक करत होती. माझे पाय त्या वेळी जमिनीला चिकटले होते आणि स्विच नेमका हाताशी होता, एवढंच त्यातलं खरं. बायकोला हे ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही.

नसरापूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. निवृत्त झाल्यावर पासलीला, गावच्या घरी येऊन राहिलो. भाताची चार खाचरं आहेत, ती बायको बघते. ती कामथडीची, शेतीतच वाढलेली; मला विळा धरता येत नाही यावर तिचे भाऊ अजून हसतात. माझं राज्य म्हणजे पडवीतलं टेबल. त्यावर सोल्डरिंग आयर्न, जुने बोर्ड आणि बिस्किटांच्या डब्यांत भरलेले सुटे भाग. बायको त्याला 'ह्यांचं देवघर' म्हणते, आणि तिच्या तोंडी ते कौतुक नसतं.

दोन वर्षांपूर्वी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली. दिवस भरायला पाच आठवडे बाकी असतानाच तिला कळा सुरू झाल्या. भोरला नेलं आणि तिथं नात झाली. वजन एक किलो नऊशे पन्नास ग्रॅम. पहिल्यांदा काचेतून पाहिली तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही, खोटं कशाला बोलू. एवढुशी पावलं पाहून मला फक्त भीती वाटली. नऊ दिवस दवाखान्यात काढले. घरी निघताना ती भरली एकोणीसशे.

डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या, "सुरुवातीला थोडं उतरतंच, त्याचं काही नाही. पण आता रोज वीस-पंचवीस ग्रॅम वाढायला हवं. दूध ओढायला ती अजून कच्ची आहे, ओढता ओढता दमेल. आठव्या दिवशी वजनाला आणायचं म्हणजे आणायचं."

पासलीहून भोर म्हणजे वेल्हे, मार्गासनी, नसरापूर करत जाणारा अडीच तासांचा रस्ता. रोज काही तिला नेता येत नव्हतं. आणि आठ दिवस काही न कळता बसून राहणं माझ्या जिवाला झेपणार नव्हतं. घरी पोचलो त्याच दुपारी मी ठरवलं की वजनाचं मशीन आपणच करायचं.

विकत का नाही आणलं, असं कुणीही विचारेल. नसरापूरच्या कुठल्याही दुकानात मिळालं असतं. पण हातात काम असलं की माझी भीती जरा दबते, आणि दुसरं, खरं कारण म्हणजे मला मिरवायचं होतं. आयुष्यभर जे फळ्यावर काढलं ते आता नातीसाठी करून दाखवायचं होतं.

मोडक्या वजनकाट्यातली धातूची पट्टी माझ्याकडे होती. तिच्यावर भार आला की ती केसभर वाकते आणि तिच्या तारांतून अगदी बारीक व्होल्टेज येतं. एक ग्रॅमला एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. एवढंसं व्होल्टेज आकडे दाखवणाऱ्या डबीला कळत नाही. मध्ये ते वाढवणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम ऑप-अ‍ॅम्पचं. डब्यात शोधून मी एक जुना, अगदी साधा ऑप-अ‍ॅम्प काढला. पट्टीवर लाकडी पाट बसवला, बाकीचं सगळं प्लॅस्टिकच्या डबीत घातलं. बाहेर एक बटण आणि शून्य लावायची एक फिरकी.

मी हे जोडत असताना लेक दाराशी बसून बघत होती. ती कॉमर्सची. तिनं विचारलं, "बाबा, हा काळा तुकडा नेमकं करतो काय?"

तो चिंचोक्याएवढा तुकडा मी तिच्या तळहातावर ठेवला आणि तीस वर्षांचा तास पुन्हा घेतला. म्हटलं, "याला दोन कान आहेत असं समज. एका कानानं ऐकलेलं हा सुलट धरतो, दुसऱ्यानं ऐकलेलं उलट. दोन्हींतला फरक तेवढा मोठा करून सांगतो. आदर्श ऑप-अ‍ॅम्प असेल तर फरक अनंत पटीनं वाढवतो. ऐकताना समोरच्याकडून कणभरही करंट घेत नाही. सांगताना कितीही भार पडला तरी आपला आकडा सोडत नाही. आणि दोन्ही कानांवर सारखंच आलं तर उत्तर चोख शून्य."

"अनंत पटीनं? मग जरा काही झालं की काटा थेट टोकाला जाईल ना?"

माझ्या वर्गात हा प्रश्न दर वर्षी एखादाच विचारायचा. मला अभिमान वाटला. म्हटलं, "म्हणून उत्तरातला थोडा भाग मागं आणून उलट्या कानाला ऐकवायचा. उत्तर फार वाढलं की त्याचं त्यालाच ऐकू येतं आणि तो स्वतःला आवरतो. दोन्ही कान एका पातळीला येईपर्यंत आवरतो. मग किती पट वाढवायचं ते आपण जोडलेले दोन रेझिस्टर ठरवतात."

"आणि खरा?" तिनं विचारलं. "आदर्श नसलेला?"

"खराही जवळजवळ तसाच असतो," मी म्हणालो.

वर्गात या 'जवळजवळ'वर मी दोन पूर्ण तास घालवायचो. खऱ्या ऑप-अ‍ॅम्पचं शून्य चोख नसतं, थोडं इकडं-तिकडं असतं, आणि ऊब लागली की आणखी सरकतं, हे मी परीक्षेला विचारायचो आणि चुकलं तर मार्क कापायचो. पण तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि तिला धीर द्यायचा होता. त्या दिवशी मी ते दोन तास गाळले.

आमच्याकडं बाळंतिणीची आंघोळ आणि शेक चालू असताना त्या खोलीत पुरुषमाणूस पाऊल टाकत नाही. बाप असला तरी नाही. तेव्हा रीत अशी पडली. सकाळी मी पडवीत मशीन चालू करायचो आणि रिकाम्या पाटावर फिरकी फिरवून शून्य लावायचो. थंडीचे दिवस होते. पासलीच्या डोंगरातून सकाळी असं वारं येतं की बोटं वळत नाहीत. मग बायको मशीन उचलून आत न्यायची. आत बाळाचं तेल-पाणी व्हायचं, शेगडीवर ओव्याची धुरी, शेक, आणि सगळ्यांत शेवटी वजन. लेक आतून आकडा ओरडून सांगायची आणि वहीत लिहायची. मी पडवीत हात चोळत उभा.

पहिल्या दिवशी आवाज आला, "एक नऊशे वीस!"

माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी एक नऊशे पन्नास. तिसऱ्या दिवशी एक नऊशे पंच्याहत्तर. रोज सकाळी त्या आकड्यासाठी मी दाराला कान लावून असायचो आणि आकडा आला की दिवस सुटायचा. पाचव्या दिवशी नात दोन किलोच्या वर गेली, तेव्हा मी स्वतः उठून चहा केला. बायकोनं कप हातात घेतला, पण ती खूश दिसली नाही.

"अवं, लेकरू हाताला वाढल्यालं लागत न्हाई," ती म्हणाली.

"हाताला वीस ग्रॅम कळतात होय?"

"वीस-बीस मला ठावं न्हाई. म्या दोन लेकरं वाढवल्यात. आज उचलली तर कालच्यापरीस हलकीच लागली."

मी तिला आकडे दाखवले. लेकही म्हणाली की ती ओढता ओढताच झोपते, गालाला टिचकी मारली तरी उठत नाही. तिलाही मी आकडे दाखवले. उत्तर मागं आणून उलट ऐकवायचं हे मीच शिकवलं होतं, आणि दोघी माझ्या बाबतीत तेच करत होत्या. मी मात्र फळ्यापुढं उभं राहून बोलावं तसा बोलत राहिलो.

आठवा दिवस उजाडला. भोरला जायचं होतं. त्या सकाळी आतून आवाज आला, "दोन ऐंशी!" बाहेर दाट धुकं होतं. मी म्हटलं, एवढ्या गारठ्यात इवल्याशा जिवाला अडीच तास कशाला हिंदकळायचं? वजन तर डॉक्टरबाईंनी सांगितलं तसंच वाढतंय. पुढच्या आठवड्यात जाऊ. लेक वही घेऊन दारात आली होती. तिनं वही मिटली आणि आत गेली.

दहाव्या दिवशी आतून आकडा आला दोन एकशे दहा. बायको मशीन बाहेर घेऊन आली आणि टेबलावर जरा जोरातच ठेवलं.

"तुमचं मशीन काय बी सांगू द्या," ती म्हणाली. "पोरीचा आवाज सुदिक बारीक झालाय. रडती पन आवाज न्हाई." आणि ती गोठ्याकडं निघून गेली.

तिला खोटं पाडायचं, एवढाच विचार तेव्हा माझ्या डोक्यात होता. स्वयंपाकघरातून मी मिठाची किलोची न फोडलेली पिशवी आणली आणि पाटावर ठेवली.

मशीननं दाखवलं, एक दोनशे चाळीस.

मी पिशवी उचलली. रिकाम्या पाटावर शून्य यायला हवं होतं, तिथं दोनशे चाळीस होतं. पिशवी परत ठेवली. परत तोच आकडा. मग मी डबीवर हात ठेवला. ती ऊबदार होती. चांगली ऊबदार, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखी.

पुढचं सगळं मला एका क्षणात कळलं. माझाच विषय होता, कळायला वेळ लागणार नव्हता. शून्य मी पडवीतल्या गारठ्यात लावत होतो आणि वजन शेगडीजवळ होत होतं. तो जुना ऑप-अ‍ॅम्प एका अंशाला दहाएक मायक्रोव्होल्ट सरकत होता, म्हणजे दहा ग्रॅम. वीस-पंचवीस अंशांचा फरक पडला की पाव किलो. आणि थंडी वाढेल तशी उघड्या बाळाला ऊब मिळावी म्हणून दोघी मायलेकी मशीन रोज जरा जरा शेगडीकडं सरकवत होत्या. रोज वाढत होती ती शेगडीची ऊब. माझ्या नातीचं खरं वजन दहा दिवसांत कुणीच पाहिलं नव्हतं.

इथं मी उठून हाक मारायला हवी होती. मी बसलो.

चष्मा पुसला. एका कागदाच्या पाठीवर एक दोनशे चाळीस लिहिलं, बाजूला घड्याळ बघून वेळ लिहिली. पडवीत डबी निवत होती आणि मिठाचा आकडा उतरत होता. एक दोनशे दहा. एक एकशे साठ. मी प्रत्येक लिहीत गेलो. आत कुठंतरी मला वाटत होतं की आकडा मध्येच कुठंतरी थांबेल. एक शंभरवर थांबला तर शेगडीची चूक एकशे चाळीसाचीच, मग ती दोन किलोच्या आसपास तरी आहे. एक शंभर झालं. एक सत्तर झालं.  मनातल्या मनात मी तिच्या वजनातून ती चूक वजा करत होतो आणि ते उत्तर कागदावर लिहायची माझी हिंमत नव्हती. एक वीस. एक पाच. शेवटी पाऊण-एक तासानं मशीननं मिठाच्या किलोच्या पिशवीला एक किलो म्हटलं.

दोन एकशे दहातून दोनशे चाळीस गेले तर अठराशे सत्तर राहतात. दवाखान्यातून आणली होती त्याहून कमी.

तेव्हा कुठं माझ्या तोंडातून आवाज फुटला. काय ओरडलो ते आठवत नाही. बायको गोठ्यातून धावत आली. मोबाईलला घरात रेंज नसते, म्हणून मी शाळेच्या चढावर धावत गेलो, अनवाणी. तिथंच गावातला जीपवाला माणसं भरून वेल्ह्याला निघाला होता. माझा अवतार पाहून त्यानं काही विचारलं नाही. मागच्या लोकांना म्हणाला, "उतरा समदी, दुसऱ्या गाडीनं या," आणि मला म्हणाला, "सर, बसा म्होरं."

त्या अडीच तासांतला प्रत्येक खड्डा मला अजून माहीत आहे. लेकीनं बाळाला छातीशी उघड्या अंगाला धरलं होतं, वरून शाल. बायको दर थोड्या वेळानं शालीत बोट घालून नाकासमोर धरायची. तिनं बोट घातलं की मी श्वास धरायचो आणि ती मान हलवेपर्यंत सोडायचो नाही. कामथडी आली. एरवी माहेरचं गाव आलं की काचेला नाक लावून बसणारी बायको, त्या दिवशी तिनं मान वर केली नाही.

डॉक्टरबाईंच्या काट्यावर नात भरली एक किलो आठशे साठ.

तिचे ओठ कोरडे होते. टाळू जरा खोल गेली होती. डॉक्टरबाईंनी नळी घालायला सांगितली आणि मग आमच्याकडं वळल्या. "आठव्या दिवशी आणायला सांगितलं होतं ना? आणि ही वही कसली? दोन एकशे दहा? हे वजन कुणी केलं?"

मी तोंड उघडलं. तीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस मी. चष्मा काढला आणि पुसत राहिलो.

"मीच केलं," लेक म्हणाली. "घरच्या काट्यावर. शून्य न बघताच ठेवत होते मी तिला. चूक माझीच आहे."

डॉक्टरबाई तिला खूप बोलल्या. आई असून कळलं कसं नाही, इथपर्यंत बोलल्या. दहा दिवसांच्या जागरणानं सुजलेला चेहरा खाली घालून ती ऐकत राहिली. मी तिच्या शेजारी, दोन हातांवर उभा होतो, मूग गिळून. बायकोनं माझ्याकडं एकदा पाहिलं. तिनं त्यानंतर आजवर त्या दिवसाबद्दल एक अक्षर काढलेलं नाही, आणि ती बोलली असती तर बरं झालं असतं असं मला पुष्कळदा वाटतं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. नळीतून आईचंच दूध, दर दोन तासांनी, थेंब मोजून. मी दवाखान्याच्या बाहेर बाकावर बसून असायचो. आतून कुणी परिचारिका बाहेर आली की मी उठून उभा राहायचो. तिसऱ्या दिवशी वजन पंधरा ग्रॅम वाढलं, मग वीस, मग तीस. आठवड्यानं ती नळीशिवाय दूध ओढायला लागली. दोन आठवड्यांनी आम्ही तिला घरी आणलं.

मशीन मी मोडलं नाही, टेबलाखाली ढकलून दिलं. ते अजून तिथंच आहे.

लेक सासरी निघाली तेव्हा नात चार महिन्यांची होती, चांगली गुबगुबीत, हातात वळवळणारी. सामान गाडीत चढवून झालं होतं. बायको नातीची दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली आणि पडवीत आम्ही दोघंच उरलो. चार महिने गिळलेलं मी तेवढ्यात बोललो. म्हटलं, "बाळा, चूक तुझी नव्हती. मशीनची होती, म्हणजे माझी. डॉक्टरबाईंसमोर मी बोलायला हवं होतं."

"मशीनचं मला माहीत होतं बाबा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही मिठाची पिशवी ठेवलीत तेव्हापासून. मी तिला घेऊन दारातच उभी होते. किलोच्या पिशवीचे एक दोनशे चाळीस मलाही वाचता येतात."

 मी खांब धरला. "मग तू हाक का नाही मारलीस? सबंध तास गेला तो."

तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मी तुमच्याकडं बघत होते," ती म्हणाली. "तुम्ही चष्मा पुसलात आणि शांतपणे लिहीत बसलात. मला वाटलं, बाबा घाबरलेले नाहीत, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार."